कापलेला समास

गेल्या वर्षी दिवाळीच्या आवराआवरीत आमच्या माळ्यावरून एक मोडका स्टोव्ह, पितळेचे तीन डबे, तळाशी भोक पडलेला बंब आणि एक जाडजूड पुस्तक, एवढा ऐवज खाली उतरला. स्टोव्ह, डबे आणि बंब यांची विल्हेवाट सुनेने दुपारच्या आतच लावली. पुस्तक मात्र तिने माझ्यापुढे आणून ठेवले आणि म्हणाली, "बाबा, हे तुमचं तुम्हीच पाहा. हात लावला की पानं सुटतायत."

पुस्तक होते 'सुभाषितरत्नभांडागार'. मी ते ओळखले पाठीवरच्या हिरव्या कापडावरून, आणि ओळखताच मला जरा चोरट्यासारखे झाले. ते हिरवे कापड मीच पसंत केले होते. १९५९ साली, वयाच्या चौदाव्या वर्षी. त्या पसंतीची गोष्ट मी आजवर घरात कुणाला सांगितलेली नाही. ती सांगायची तर आधी पुस्तकाची सांगायला हवी, आणि पुस्तकाची सांगायची तर ते जिथे छापले त्या छापखान्याची. वाचकांनी थोडा धीर धरावा.

हे पुस्तक आमच्या आजोबांचे. आजोबा गोदीत कारकून होते. संस्कृत त्यांना शाळेत जेवढे शिकवले तेवढेच येत होते; पण पगारातून चार पैसे बाजूला टाकून त्यांनी १९१२ साली हे पुस्तक घेतले, आणि पुढे जन्मभर रोज रात्री जेवण झाल्यावर त्यातली दोन सुभाषिते वाचली. मुखपृष्ठ उघडले की पहिल्याच पानावर संपादक काशीनाथ पांडुरंग परब यांचे नाव, खाली तुकाराम जावजी, आणि निर्णयसागर मुद्रणालय, मुंबई. किंमतसुद्धा संस्कृतात! लहानपणी मला त्या गोष्टीची मोठी गंमत वाटे. वाण्याने तुरीच्या डाळीचा भाव संस्कृतात सांगितला तर कसे होईल, असे मी अण्णांना विचारल्याचे आठवते. अण्णा म्हणजे आमचे वडील.

निर्णयसागर हा काळबादेवीकडच्या कोलभाट लेनमधला छापखाना. आज तो राहिलेला नाही. मी पाचसात वर्षांचा असताना अण्णांचे बोट धरून एकदा तिथे गेलो होतो. गिरगावातून निघून चिराबाजार, मग प्रिन्सेस स्ट्रीट, मग काळबादेवीची ती गर्दी, आणि एकदम एका अरुंद गल्लीत शाईचा आणि ओल्या कागदाचा वास. कुठेतरी आत यंत्र चालू होते आणि पायाखालची फरशी बारीक थरथरत होती. अण्णांनी कसलेसे पुस्तक विकत घेतले, ते पिशवीत टाकण्यापूर्वी उघडून नाकाशी नेले आणि मलाही हुंगायला दिले. अण्णांच्या लेखी निर्णयसागरची प्रत म्हटली की वाद मिटे. शेजारच्या भटजींनी एखाद्या श्लोकाचा भलता पाठ म्हटला की अण्णा उठत, हे पुस्तक काढत आणि बोट ठेवून दाखवत. भटजीही मग, "छापणाराची चूक" असे काही न म्हणता, मुकाट्याने आपला पाठ सुधारत.

हा विश्वास कुठून आला? छापील पोथीला शिवायचेसुद्धा नाही, असे मानणारी माणसे त्याच मुंबईत काही फार जुनी नव्हती. १८०५ साली मिरजेला पटवर्धनांच्या आश्रयाने तांब्याच्या पत्र्यावर कोरून गीता छापली गेली होती खरी. पण ती नवलाई. मुंबईत मराठी छपाईचा धंदा प्रथम रुजवला तो अमेरिकन मिशनऱ्यांनी, आणि तो त्यांच्या धर्मप्रसारासाठी. त्यांचे छापखाने पाहून गणपत कृष्णाजी नावाच्या एका खटपट्या माणसाने स्वतःच शाई आणि यंत्र यांची जुळवाजुळव केली आणि १८३१ साली पहिले छापील मराठी पंचांग काढले. शाईत चरबी असते या धास्तीने सोवळी माणसे छापील कागदाला हात लावीनात, तेव्हा या गृहस्थाने शाईत तूप घालून धर्मग्रंथ छापले! अ. का. प्रियोळकरांनी १९५८ साली भारतातील मुद्रणकलेचा इतिहास लिहिला, त्यात ही सारी कथा आली आहे. आमच्या आजीला अण्णांनी ती वाचून दाखवली, तेव्हा तिने एवढेच विचारले, "तूप घरचं की विकतचं?"

निर्णयसागर काढणारे जावजी दादाजी १८३९ साली जन्मले. आडनाव चौधरी, घरची गरिबी, शिक्षण जवळजवळ नाहीच. लहान वयातच ते अमेरिकन मिशनच्या छापखान्यात टाइप घासायच्या कामाला लागले. टाइप घासणे म्हणजे काय, हे आज समजावून सांगावे लागेल, कारण शिशाचा खिळा हातात धरलेली माणसे आता थोडी उरली. पोलादाच्या कांबीच्या टोकावर आधी अक्षर उलटे कोरायचे. ते पोलाद कडक करून तांब्याच्या तुकड्यावर ठोकले की तांब्यात अक्षराचा खोलगट ठसा उठतो. तो ठसा साच्यात बसवून वर शिसे, कथील आणि अँटिमनी यांचा तापलेला रस ओतायचा. निवाला की झाला खिळा. पण त्याच्या कडेला फुगीर चिकटून राहिलेली धातू असते. ती दगडावर घासून काढली नाही, तर एक खिळा दुसऱ्याशेजारी सरळ बसत नाही आणि ओळ वाकडी होते. या कारखान्यातले सर्वांत हलके काम तेच. कोरणारा कलावंत, ओतणारा कारागीर, आणि घासणारा पोरगा.

त्या छापखान्यात थॉमस ग्रॅहम म्हणून एक साहेब होते. मराठी अक्षराला वळण यावे म्हणून त्यांनी पुष्कळ कष्ट घेतले. त्यांच्या हाताखाली जावजी घासता घासता ओतायला शिकले आणि अक्षर पारखायलाही शिकले. पुढे इंदुप्रकाशसारख्या छापखान्यांतून नोकऱ्या केल्या आणि १८६४ साली टाइपांचा स्वतःचा कारखाना घातला. अक्षरे कोरायला राणोजी रावजी आरू यांच्यासारखा कसबी जोडीदार मिळाला. १८६९ साली निर्णयसागर छापखाना निघाला. आधी अक्षर, मग छापखाना, हा क्रम मला फार अर्थपूर्ण वाटतो. बहुतेकजण आधी यंत्र आणतात आणि मग मिळेल त्या टाइपावर भागवतात.

नागरीचे अक्षर जुळवणे हे येरागबाळ्याचे काम नव्हे. इंग्रजी जुळाऱ्याचा पसारा त्यामानाने लहान. आपल्याकडे काना, मात्रा, वेलांट्या, रफार आणि जोडाक्षरे मिळून खिळ्यांची संख्या कित्येक शेकड्यांवर जाते. संस्कृत असेल तर विचारूच नका. जुळाऱ्याचा हात न पाहता नेमक्या घरात जावा लागतो, आणि अक्षर तर उलटे वाचायचे! निर्णयसागरचे एखादे सटीक पुस्तक उघडून पाहा: वर ठळक टाइपात मूळ श्लोक, खाली लहान टाइपात टीका, त्याखाली त्याहून बारीक टाइपात पाठभेद. तीन मजल्यांचे घर, पण कुठे भिंत कललेली नाही. मुंबईच्या या टाइपांचा 'अ', 'झ' आणि 'ण' उत्तरेकडच्या जुन्या अक्षरांहून वेगळा होता. आज हिंदी पुस्तकांतही आपण जो 'अ' वाचतो तो या मुंबईच्या वळणाचा आहे.

शिक्षण नसलेल्या या माणसाने शिकलेली माणसे मात्र अचूक निवडली. जयपूरचे पंडित दुर्गाप्रसाद आणि आपले काशीनाथ पांडुरंग परब यांच्या संपादनाखाली १८८६ पासून 'काव्यमाला' निघू लागली आणि हस्तलिखितांच्या दप्तरांत पडून राहिलेली कितीतरी संस्कृत काव्ये आणि नाटके प्रथमच छापली गेली. मुलांसाठी विनायक कोंडदेव ओक यांचे 'बालबोध' मासिक १८८१ पासून याच छापखान्यातून निघे. परदेशातले संस्कृतचे पंडितही तळटीपांत निर्णयसागरच्या प्रतीचा हवाला देऊ लागले. जावजी १८९२ साली वारले. पुढचा वंशविस्तार पुस्तकांच्या पहिल्या पानांवरच वाचायला मिळतो. आधी तुकाराम जावजी, मग पांडुरंग जावजी, आणि आणखी पुढच्या प्रतींवर प्रकाशक म्हणून सत्यभामाबाई पांडुरंग. छापणारे म्हणून रामचंद्र येसू शेडगे हे नाव तर वर्षानुवर्षे येत राहते. याचे श्रेय थोडे सरकारलाही द्यायला हवे. प्रत्येक पुस्तकावर छापणाराचे नाव आणि ठिकाण घातलेच पाहिजे, असा १८६७ सालचा कायदा होता. सरकारला हवी होती धरायला मान. आपल्याला मिळाली माणसाची आठवण. जुळारी, टाइप घासणारी पोरे आणि फर्मे शिवणारे बाइंडर यांची नावे मात्र कायद्यात नव्हती, म्हणून ती कुठेच नाहीत.

आता पुन्हा आमच्या पुस्तकाकडे.

छापलेल्या मजकुराच्या बाहेरच्या बाजूला बोटभर समास होता. आजोबा तिथे लिहीत. सुभाषितांवर टीका लिहिण्याइतके आपण मोठे नाही, हे त्यांना ठाऊक होते. ते लिहीत त्या दिवसाचे काहीतरी: पगार वाढला, आंबे फार महाग, गोदीत संप, मुलाला दात आला. तारीख घालून, बारीक अक्षरात, निळ्याकाळ्या शाईने. आमच्या घरात रोजनिशी म्हणून जी काय होती ती एवढीच. आजोबा १९५० साली वारले. पुस्तक अण्णांकडे आले. तोवर मूळची कापडी बांधणी उसवली होती आणि अण्णा ते दोऱ्याने बांधून ठेवीत. "एकदा चांगलं बांधून घ्यायला हवं," असे ते दर दिवाळीला म्हणत, आणि दर दिवाळीला पैसे दुसरीकडे जात.

१९५९ च्या दिवाळीपूर्वी मी ठरवले, की अण्णांना चकित करायचे. खाऊचे आणि पतंगाचे मिळून साडेतीन रुपये जमले होते. आमच्या चाळीच्या मागच्या गल्लीत एक बाइंडर बसत असे. वह्या, खतावण्या, शाळेची पुस्तके ही त्याची नेहमीची कामे. अण्णा कचेरीत गेल्यावर मी पुस्तक घेऊन गेलो. त्याने ते चाळले, फर्मे सुटे केले, आणि मला समोर बसवून कापडाचे तुकडे दाखवले. मी हिरवे निवडले. दोन दिवसांनी गेलो तेव्हा शिलाई झाली होती. मोरचूद घातलेल्या खळीचा वास सुटला होता आणि पुस्तक यंत्रात दाबून ठेवले होते. बाइंडर म्हणाला, "कडा फार दातेरी झाल्यात, बाळ. सारख्या करू?"

मी म्हणालो, "करा की."

त्याचा काही दोष नव्हता. त्याने विचारले होते. त्याच्या दृष्टीने कडा सारख्या करणे म्हणजे चोख काम. चाक फिरले, पाते खाली आले, आणि कागदाच्या लांबच लांब पट्ट्या भराभर जमिनीवर पडल्या. पुस्तकाची कड काचेसारखी गुळगुळीत झाली. मी खूष. आणि त्या पट्ट्या पाहून मला दुसरी एक कल्पना सुचली. आकाशकंदील अर्धा झाला होता आणि शेपट्यांना कागद कमी पडत होता. मी त्या ढिगातून पट्ट्या निवडल्या. कोऱ्या नाही घेतल्या. ज्यांच्यावर निळीकाळी नक्षी दिसत होती तेवढ्याच घेतल्या. शोभेला.

वसुबारसेला कंदील लागला. पाडव्याच्या सकाळी मी अण्णांच्या हातात पुस्तक ठेवले. त्यांनी ते उलटसुलट करून पाहिले, हिरव्या कापडावरून हात फिरवला, आणि मग कडेवरून अंगठा फिरवताना ते थांबले. त्यांनी पान उघडले. दुसरे उघडले. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "अहो, पोरानं एवढं केलं, काही बोला तरी."

"छान बांधलंस हो," अण्णा म्हणाले.

मग ते उठून गॅलरीत गेले आणि कंदिलाखाली उभे राहिले. वाऱ्यावर शेपट्या हलत होत्या. अण्णा मान वर करून त्यांच्याकडे पाहत होते, कितीतरी वेळ. मला वाटले, कंदील त्यांना फारच आवडला.

दुसऱ्या दिवशी भाऊबीज. अण्णांना सख्खी बहीण नव्हती. ते ठाकुरद्वारला एका चुलतबहिणीकडे ओवाळून घ्यायला जात. म्हणजे एक थोरली बहीण होती, ती १९१८ सालच्या इन्फ्लुएंझाच्या साथीत सहा वर्षांची असताना गेली, एवढे मला ठाऊक होते. तिचा फोटो नव्हता आणि तिच्याबद्दल घरात कुणी बोलत नसे. त्या सकाळी उठून मी गॅलरीत गेलो, तर कंदिलाच्या पांढऱ्या शेपट्या गळून गेलेल्या! रंगीत तेवढ्या जागेवर होत्या. मी ओरडतच आत आलो. अण्णा दाढी करत होते. आरशातूनच म्हणाले, "रात्री वारा फार होता."

मी काय केले ते मला कळले पुढे पाचसहा वर्षांनी. कॉलेजात एक सुभाषित हवे होते म्हणून मी पुस्तक काढले, आणि समासात अर्धी कापलेली अक्षरे दिसली. 'आंबे' मधला 'आं' होता, 'बे' नव्हता. मी पुस्तक मिटले ते मिटलेच. अण्णांना विचारण्याचे धैर्य झाले नाही. त्यांनीही कधी विषय काढला नाही. १९८३ साली ते गेले. गिरगाव सोडून आम्ही डोंबिवलीला आलो, तेव्हा पुस्तक इतर सामानाबरोबर आले आणि माळ्यावर गेले.

गेल्या वर्षी सून ते माझ्यापुढे ठेवून गेली, तेव्हा मी दार लोटून घेतले आणि पहिल्यांदाच ते सबंध चाळले. तेविसाव्या का चोविसाव्या पानाशी एक पट्टी निघाली. खळीचा डाग असलेली, आणि एका टोकाला गुलाबी जिलेटिनचा कपटा चिकटलेला. मी ती पानाच्या कडेला लावून पाहिली. बरोबर बसली. अर्धे अक्षर पानावर, अर्धे पट्टीवर. पुढे आणखी एक निघाली, मग आणखी. एकूण अकरा. प्रत्येक आपापल्या पानाशी. साडेचारशेच्या वर पाने. त्यांतले नेमके पान हुडकायचे, अर्ध्या वेलांटीला अर्धी वेलांटी जुळवायची, हे काम अण्णांनी केव्हा केले असेल? बहुधा रात्री, आम्ही निजल्यावर. जुळाऱ्याचे काम त्यांनी जन्मात केले नव्हते.

आणि एका पानाशी पट्टी नव्हती. ती बाइंडरच्या जमिनीवरच राहिली असणार. मीच ती कोरी समजून टाकली असेन. पानावर आजोबांच्या हातच्या तीन ओळींची फक्त सुरुवातीची अक्षरे उरली होती, आणि एक तारीख, १९१८ मधली. तिच्या खाली जेवढी जागा राहिली होती तेवढ्यात अण्णांनी पेन्सिलीने त्या तीनही ओळी पुन्हा लिहून ठेवल्या होत्या. त्यांना त्या पाठ होत्या. त्यांत आत्याचे नाव आहे. ते मी इथे देत नाही. ते छापायचे असते तर आजोबांनी समासात लिहिले नसते.

सुनेला मी सारे सांगितले. ती म्हणाली, "बाबा, हीच आवृत्ती कॉम्प्युटरवर मिळेल, पाहू या." खरोखरच निर्णयसागरची कितीतरी जुनी पुस्तके आता तशी मिळतात, कोणीतरी ग्रंथालयांत बसून पानन् पान उतरवून घेतले आहे. तिने शोधून दाखवले. तेच अक्षर, तीच ओळ, आणि कडेला अखंड, स्वच्छ, रिकामा समास. आम्ही दोघे थोडा वेळ पाहत राहिलो. मग तिने पडदा बंद केला.

या दिवाळीपूर्वी पुस्तक बांधायला दिले. इथे स्टेशनजवळ एक तरुण बाइंडर आहे. त्याला म्हटले, जुजबंदी कर, खळ बेताची लाव, आणि या अकरा पट्ट्या पातळ कागदावर डकवून पानांना जोडून दे. त्याने पुस्तक हातात घेऊन कडेवरून अंगठा फिरवला.

"काका, पट्ट्या जोडल्यावर कडा वरखाली होतील. शेवटी एकदा कापून सारख्या करू का?"

"नको," मी म्हणालो.

"ओबडधोबड दिसेल."

"दिसू दे."